कॅप्टन शेटे आणि रिकामी धावपट्टी

पेट्रोल आणि उन्हात वाळणारी लाल मिरची, हे दोन वास एकत्र आले की अजून मला ठसका लागतो. एरवी ते एकमेकांच्या वाटेला जाणारे नव्हेत. पण कल्लेवाडीच्या माळावर, दुसऱ्या महायुद्धात घाईने बांधलेल्या धावपट्टीवर, कॅप्टन शेटे यांचे दोन माणसांचे छोटे विमान उतरायचे तेव्हा पंख्याच्या वाऱ्याने मिरचीची पूड उठायची, दाराच्या फटींतून आत शिरायची, तापलेल्या तेलाच्या वासात मिसळायची, आणि आम्ही दोघे ठसकत, डोळे पुसत खाली उतरायचो. उतरताच कॅप्टन शिवी हासडायचे. ती मिरची वाळत घालणाऱ्यांना असायची, आणि ती माणसे समोरच हातात खराटे घेऊन उभी असायची. त्या सिमेंटखाली त्यांची शेते गाडली गेली होती. ती कधीतरी परत मिळतील या आशेवर त्यांची दुसरी पिढी म्हातारी होत आली होती. मला हे पुढे कळले. कॅप्टनांना आधीपासून ठाऊक होते.

मला हा माणूस आवडत नव्हता. आता ते हयात नाहीत, आणि गेलेल्या माणसाविषयी बरे तेवढेच बोलावे असा आपल्याकडे रिवाज आहे. तो मला पाळता येईल असे वाटत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे ते कॅप्टन नव्हते. गुरुपाद शेटे यांची उद्यमनगरात फाउंड्री होती. तिथे पाण्याच्या पंपांची ओतीव कामे होत. तरुणपणी कुठल्याशा फ्लाइंग क्लबात जाऊन त्यांनी हौशी वैमानिकाचा परवाना मिळवला होता आणि धंद्यात बरकत आल्यावर एक जुने विमान विकत घेऊन उजळाईवाडीच्या विमानतळावर एका पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले होते. सैन्याशी त्यांचा संबंध इतकाच, की त्यांचे एक काका युद्धात होते. हे काका एका रविवारी ब्रह्मदेशात लढत, दुसऱ्या रविवारी इजिप्तमध्ये. प्रत्यक्षात ते पुण्याच्या छावणीला घोड्यांचा चारा पुरवीत, असे मला कॅप्टनांच्या पत्नीने एकदा चहा देता देता हळूच सांगितले. पण व्हिजिटिंग कार्डावर ‘कॅप्टन’ छापलेले होते, कामगार ‘कॅप्टनसाहेब’ म्हणत, आणि ती बिचारी पत्नीसुद्धा फोनवर म्हणायची, कॅप्टन जेवायला बसलेत, अर्ध्या तासाने करा.

रविवारी दुपारी कोल्हापूरची माणसे रंकाळ्यावर जातात. कॅप्टन युद्धाच्या वेळच्या धावपट्ट्यांवर जात. आपल्या मुलखात अशा काही पट्ट्या आहेत. लढाई आली म्हणून रातोरात आखलेल्या, लढाई गेली तशा विसरल्या गेलेल्या. भेगांतून कुसळी गवत वर आलेले, कडेला बाभळी माजलेल्या, एखाद्या खोलीच्या तीन भिंती उभ्या आणि चौथी गावातल्या कुणाच्या तरी घराला लागलेली. कॅप्टन तिथे मागे हात बांधून फिरत, वडिलोपार्जित इस्टेट पाहायला आल्यासारखे. पांढरे कॅनव्हासचे बूट, इस्त्रीची पँट, खिशात भडंगाची पुडी. त्या पडक्या खोलीसमोर आले की ते खाडकन सावधान होत. आधी मला वाटायचे, ही श्रद्धा असेल. मग लक्षात आले, की कुणी पाहत नसले तर ते सरळ भडंग खात पुढे जात.

मी त्या वेळी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मराठी शिकवत होते. कवितांचा एक पातळसा संग्रह निघाला होता. कॅप्टनांना या धावपट्ट्यांवर पुस्तक काढायचे होते. उडतील ते, सांगतील ते, लिहायला कुणीतरी हवे होते. कॉलेजात येऊन त्यांनी प्राचार्यांसमोरच मला विचारले. मी हो म्हटले त्याचे कारण एकच: मला जमीन वरून पाहायची होती. तो मोह माझा होता. त्याचा दोष त्यांच्या माथी मारता येणार नाही.

पहिल्याच रविवारी त्यांनी मला आधी फाउंड्रीत बोलावले. हलक्या विमानात वजनाचा हिशेब काटेकोर ठेवावा लागतो, हे खरे. पण तिथे ओतीव मालासाठी जमिनीत बसवलेला एक काटा होता, आणि कॅप्टनांनी मला पाळी बदलायच्या वेळी, तीसेक कामगारांच्या देखत त्या काट्यावर उभे केले. वाळूचा आणि जळक्या कोळशाचा वास, पायांखाली थंड लोखंड. काटा स्थिर झाल्यावर त्यांनी आकडा मोठ्याने वाचला, मग म्हणाले, दप्तर खाली ठेवा, ते माल नाही. कामगार हसले नाहीत. सगळे एकदम दुसरीकडे कुठेतरी पाहू लागले, आणि त्या न पाहण्यातच मला त्या माणसाबद्दल पुष्कळ काही कळले. पुढची तीन वर्षे दर उड्डाणाआधी ते मला त्या काट्यावर चढवत. माणूस वजनाने मोजला की त्याच्याशी कसे बोलायचे ते आपोआप ठरते, असे त्यांचे मत होते. हे त्यांचे शब्द आहेत, माझे नव्हेत.

आणि तरीही, ते उत्तम उडवायचे. हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, याचा मला राग येतो. जमिनीवर त्यांचे हात सतत काहीतरी आपटत, ढकलत, झटकत असायचे. वर गेल्यावर तेच हात सुगरणीच्या हातांसारखे शांत होत. एका जानेवारीत परतताना त्यांनी इंजिनाचा आवाज अगदी कमी केला. खाली पंचगंगा उसाच्या हिरव्यातून वितळत्या काशासारखी वळत होती, गुऱ्हाळांच्या धुराच्या सरळ रेघा उभ्या होत्या, आणि काकवीचा कोमट वास त्या उंचीवरही आल्याचा भास झाला. तेवढी पाच मिनिटे मी त्यांचे देणे लागते. बाकी काही नाही.

माणसे त्यांना खपत नसत. सांगलीच्या बाजूच्या एका पट्टीवर एकदा एक म्हातारा शेळ्या घेऊन आला. कॅप्टन मला सांगत होते, की ही पट्टी गोऱ्या इंजिनिअरांनी सहा आठवड्यांत बांधली, यंत्रांनी. म्हाताऱ्याने काठी टेकली आणि सांगितले, की यंत्र एकच होते आणि तेही बंदच असायचे. दगड बायकांनी डोक्यावरून वाहिले, त्यात त्याची आई होती. कॅप्टनांनी त्याच्याकडे न पाहता म्हटले, “तुला काय कळतंय? तू तेव्हा शेळ्या राखत होतास.”

“व्हय की,” म्हातारा म्हणाला. “हितंच राखतोय. साहेब गेलं, इमान गेलं, शेळ्या हाईत.”

मी हसू दाबले. कॅप्टनांनी ते पाहिले. परतीच्या वाटेवर त्यांनी विमान असे काही वेडेवाकडे वळवले, की मला ओढणीत ओकावे लागले. उतरल्यावर म्हणाले, हवा खराब होती. त्या दिवशी गवताचे पातेसुद्धा हलत नव्हते. पुस्तकात अर्थातच पट्टी यंत्रांनीच बांधली गेली.

कल्लेवाडीची पट्टी सीमेलगत, पार दक्षिणेला. तिथे उतरण्याची एक रीत पडून गेली होती. सुगीच्या दिवसांत गावकरी त्या सिमेंटवर धान्य वाळत घालत. इतके स्वच्छ, सपाट, तापणारे खळे दुसरे कुठले मिळणार? मग कॅप्टन आधी एक जादा फेरी मारत. आवाज ऐकून बायाबापड्या धावत येत, धान्य लोटून कडेला घेत, दुसऱ्या फेरीला विमान उतरे. या फेरीचा कॅप्टनांना भयंकर राग. ते दात-ओठ खात म्हणत, माझं पेट्रोल यांच्या शेंगा गोळा करण्यात जातंय.

वरून पाहताना मला मात्र ती फेरी हवीहवीशी वाटे. खाली राखाडी पट्टीवर रंगांचे चौकोन मांडलेले असत: शाळूचा फिकट, शेंगांचा मातकट, मिरचीचा रक्तासारखा. चौकोन सारखे नव्हते. काही तिरके, काही चिंचोळे, एक तर पाचरीसारखा निमुळता. आणि दर खेपेला ते जिथल्या तिथे असत. मधे भरपूर जागा मोकळी असली तरी कुणी तिच्यात पसरत नसे.

याचे कारण मला तायव्वाने सांगितले. पाचरीसारखा चौकोन तिचा. साठीची, लिंगायत, कपाळाला विभूतीचे पट्टे, बोलणे अर्धे कानडी वळणाचे. कॅप्टनांच्या घरीही कानडी बोलत. तिने ते ओळखून पहिल्याच दिवशी त्यांना कानडीत ‘अण्णा’ म्हणून हाक मारली होती. त्यांनी शुद्ध शहरी मराठीत उत्तर दिले होते, की कानडी येत नाही. मी तिला विचारले, तिकडे एवढी जागा रिकामी आहे, मिरची इथेच कोपऱ्यात दाटीवाटीने का? तिने माझ्याकडे खुळ्याकडे पाहावे तसे पाहिले.

“ते आमचं न्हवं. आमचं रान ह्याच्या खाली हाय.”

मग समजले. प्रत्येक घर आपापल्या बुडालेल्या शेतावर, त्याच्याच आकारात, आपले धान्य पसरत होते. बांध गेले, विहीर बुजली, पण कुणाचे कुठे संपते ते पोरीबाळींनाही पाठ. तायव्वाचे शेत पाचरीसारखे होते म्हणून मिरची पाचरीसारखी. तिच्या सासऱ्यांना साहेबाने सांगितले होते, की लढाई संपली की रान परत. ते वाट पाहत वारले. नवरा वाट पाहत वारला. आता अर्ज तिच्या नावाने चालला होता. आम्ही हितनं हललो न्हाई येवढंच सरकारात दाखवायचं हाय, ती म्हणाली. कॅप्टन पलीकडे चाकातली हवा पाहत होते. तिथूनच हसून म्हणाले, “लढाई संपली असं तुम्हाला कुणी सांगितलं?”

त्यानंतरच्याच महिन्यात असेल. आम्ही उशिरा निघालो होतो, ऊन कलायला आले होते. कल्लेवाडी दिसू लागली आणि कॅप्टन म्हणाले, “आज फेरी नाही.” मी काही बोलेपर्यंत विमान खाली झुकले होते. पट्टीवर माणसे सैरावैरा झाली. चाके शाळवातून गेली, मग मिरचीतून, आणि एक लाल ढग उठून आमच्यावरून मागे गेला.

कुणाला इजा झाली नाही; तसे कॅप्टन पुढे नेहमी सांगत. तायव्वा आपल्या मिरचीवर ताडपत्री ओढत होती, ती त्या ढगात सापडली. डोळे गच्च मिटून ती पट्टीवरच बसली आणि पाणी मागू लागली. विमानात पाण्याचा एक कॅन असे. कॅप्टनांनी तो काढला, फडके भिजवले आणि विमानाची समोरची काच पुसू लागले. सावकाश, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मग उरलेला कॅन माझ्या हातात दिला. मी तिचे डोळे धुतले. ती हुंदकली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. बऱ्याच वेळाने एक डोळा उघडून तिने विमानाकडे पाहिले.

“पावणं,” ती म्हणाली, “वरनं माणसं दिसत न्हाईत व्हय?”

“माणसं दिसतात,” कॅप्टन म्हणाले. “पट्टी मोकळी दिसत नाही.”

त्या संध्याकाळी तिच्या सुनेने आम्हांला जेवल्याशिवाय सोडले नाही. कॅप्टन आत आले नाहीत. मी आत बसून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, तायव्वा सुजल्या डोळ्यांनी वाढत होती.

हे सगळे पाहून, ती भाकरी खाऊन, पंधरा दिवसांनी मी फाउंड्रीतल्या केबिनमध्ये बसले आणि कॅप्टन सांगतील ते लिहू लागले. बाहेर भट्टी घुमत होती. ते म्हणाले, कल्लेवाडीचं लिहा, पट्टी रिकामी पडून आहे. एवढेच. पुढचे माझे. मी लिहिले: ‘कल्लेवाडीच्या धावपट्टीवर आता कुणाचेही पाऊल उमटत नाही, युद्ध संपल्यावर जग जिथून उठून गेले, ती जागा अजून त्याची वाट पाहत पडून आहे.’ लिहिताना मला खराटे आठवत होते, शाळू आठवत होता. पण त्या वाक्याला एक लय आली होती आणि त्या लयीत मिरची बसत नव्हती. कॅप्टनांनी कागद हातात घेतला, दोनदा वाचला आणि टायपिंगच्या गठ्ठ्यात ठेवला. मला वाटले, त्यांना कळलेच नसावे.

त्यांना माझ्यापेक्षा अधिक कळले होते. पुस्तक निघाले, शहरातल्या एका सभागृहात प्रकाशन झाले, पेढे वाटले गेले. त्यानंतर मी उडणे सोडले. कॉलेजचे काम वाढले असे कारण दिले. खरे तर त्या काट्यावर पुन्हा उभे राहण्याची ताकद नव्हती. वर्षभराने कळले, की कॅप्टनांनी कल्लेवाडीची पट्टी सरकारकडून दीर्घ मुदतीच्या भाड्याने मागितली आहे. तिला तारेचे कुंपण घालायचे, पुण्या-बंगळुराहून हौशी वैमानिक येतील, रविवारचा क्लब काढायचा. अर्जासोबत त्यांनी ते पुस्तक जोडले होते. माझे वाक्य लाल पेन्सिलीने अधोरेखित करून.

ही बातमी घेऊन तायव्वा स्वतः कॉलेजात आली. पहाटेची एसटी धरून, दोन ठिकाणी गाडी बदलून. स्टाफरूमच्या दाराशी ती भिंतीला टेकून उभी होती. काखेत ते पुस्तक, धुवट फडक्यात पोथीसारखे बांधलेले. तिला वाचता येत नव्हते. पान दुमडून आणले होते, तेच तिने माझ्यासमोर धरले.

“हे तुमीच लिवलंय न्हवं?”

मी हो म्हटले.

“तुमी आमच्यात जेवलासा. माझं डोळं धुतलासा.” तिचा आवाज चढला नाही, आणि ते सहन करणे जास्त कठीण होते. “आन हितं कुणी न्हाई म्हणून लिवलासा. त्येंचा वकील म्हणतोय, कॉलेजातल्या बाईनं लिवलंय म्हंजे खरंच. आता आमी कोन हाय मग? भुतं?”

सुनावणी प्रांताधिकाऱ्यांच्या कचेरीत पुढच्या सोमवारी होती. भाड्याचा करार झाला की कुंपण पडणार, कुंपण पडले की धान्य पसरणे बंद, आणि धान्य पसरणे बंद झाले की आम्ही इथून हललो नाही असे म्हणायला त्यांच्यापाशी काहीच उरणार नव्हते. तिने हे सारे बोटांवर मोजल्यासारखे नीट सांगितले. या म्हणून विनवले नाही. वेळ सांगितली, पुस्तक पुन्हा फडक्यात बांधले आणि परतीच्या गाडीसाठी निघाली.

मी गेले. कचेरीत जुन्या कागदांचा आणि खळीचा वास होता. मागे भिंतीशी कल्लेवाडीची वीसेक माणसे. पुढे खुर्चीवर कॅप्टन. मधल्या काळात त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला होता. वैद्यकीय तपासणीत नापास होऊन परवाना गेला होता, विमान शेडमध्ये उभे होते. तरी बूट तसेच पांढरेशुभ्र, मान तशीच ताठ. मी आत आले ते त्यांनी पाहिले नाही, पावलांच्या आवाजावरून ओळखले आणि किंचित हसले. त्यांना वाटले, मी त्यांच्या बाजूने आले आहे. त्यांच्या वकिलालाही तसेच वाटले असावे, कारण त्याने लगेच पुस्तक माझ्या हाती दिले.

अधिकारी तरुण होते, सभ्य होते. त्यांनी विचारले, हे लेखन तुमचे? मग म्हणाले, तेवढे वाक्य वाचून दाखवा, नोंदीसाठी. मी वाचले. माझ्याच आवाजात, माझ्याच लयीत, ज्यांची पावले मी पुसली होती त्या वीस माणसांसमोर. वाचता वाचता माझी नजर कॅप्टनांकडे गेली. त्यांनी डोळे मिटले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. ते वाक्य त्यांना पाठ होते.

वाचून झाल्यावर मी सांगितले, की हे खोटे आहे. तीन वर्षे दर सुगीला मी या पट्टीवर माणसे पाहिली. त्यांच्यासाठी आम्हांला दर वेळी आकाशात एक फेरी जास्त मारावी लागत असे. कुणाची मिरची कुठून कुठपर्यंत, कुणाचा शाळू कुठे वळतो, हे मी अजून डोळे झाकून काढून दाखवीन. कारकुनाने कागद पुढे केला आणि मी पट्टीवर चौकोन काढत गेले. मागून कुणीतरी हळूच दुरुस्ती केली, “जरा खाली घ्या बाई, तितं गणपाचं हाय.” वकिलाने हरकत घेतली, मी पुस्तकाचे मानधन घेतले होते का असे विचारले. घेतले होते. तेही सांगितले.

निकाल पुढे दोन महिन्यांनी लागला. कॅप्टनांचा अर्ज फेटाळला गेला. जमीन मात्र सरकारच्याच नावावर राहिली. कल्लेवाडीकरांचा दावा अजून चालूच आहे आणि पट्टीवर अजून धान्य वाळते. तायव्वाने मला माफ केले की नाही, ते मला ठाऊक नाही. सुनावणीच्या त्या सोमवारी कचेरीबाहेर ती आपल्या माणसांत उभी राहून चहा पीत होती. माझ्याकडे पाहून तिने मान हलवली, जवळ बोलावले नाही.

मी व्हरांड्याच्या खांबाशी उभी होते. आतून कॅप्टन आले. पायरीची कड बुटाच्या टोकाने चाचपत, वकिलाने पुढे केलेला हात झटकून. माझ्यापाशी आल्यावर थांबले. शिवी येईल म्हणून मी अंग आवळून घेतले. नमकहराम, असे काहीतरी. त्यांनी चेहरा माझ्या दिशेने वळवला, थोडा चुकून, खांबाकडे. त्यांच्या ओठांवर मघाच्या वाक्याची लय अजून होती. ते इतक्या मृदू आवाजात बोलले, की मागे उभ्या वकिलालाही ऐकू गेले नसेल.

“सुंदर.”